लाल गोंड्याची उजवी चप्पल

ज्येष्ठ शुद्ध पंचमी, सकाळपासून उकाडा. चपला बोलत असत त्या काळची गोष्ट. बाळाप्पाच्या दुकानात एक नवी जोडी मांडली होती. एका शास्त्रीबुवांनी त्यातली उजवी उचलली, तिचा लाल गोंडा निरखला आणि "अद्वितीय," असे म्हणून खाली ठेवली.

"रापीमावशी, अद्वितीय म्हणजे काय गं?" उजवीने विचारले.

"जिच्यासारखी दुसरी नाही ती," कातडे कापता कापता रापी म्हणाली.

उजवीने शेजारच्या डावीकडे पाहिले. तोच गोंडा, तीच वेणी. "तू जवळ असलीस की मी खोटी पडते," ती म्हणाली.

"अगं बाई, माझ्यावाचून तुला पायात घालणार कोण?"

"जळतेस मेली," म्हणत उजवी घरंगळली आणि कातड्यांच्या ढिगामागे लपली.

दुपारी जोडीला गिऱ्हाईक आले. बाळाप्पाने उजवी खूप शोधली. शेवटी डावीच्या मापाने त्याने नवी उजवी शिवली आणि दुसऱ्या दिवशी जोडी गेली.

पुढे ढीग उपसताना लपलेली हाती लागली. तेवढ्यात गाडीवान धोंडिबा आला. "नवी गाडी घेतलीया. दृष्ट लागू नये म्हणून बांधायला एखादी एकटी चप्पल हाय का?"

बाळाप्पाने तिच्या अंगठ्यात सुतळी ओवून दिली. धोंडिबाने ती गाडीच्या मागे टांगली.