शेवाळाची शिदोरी

खाडीकाठच्या एका वाडीत एकदा एक वृद्ध वैद्यबुवा राहत होते. त्यांच्यापाशी दोन शिष्य एकाच दिवशी विद्या शिकायला आले, बाबल आणि धाकू. पुढे पलीकडच्या गावाने वैद्य मागितला तेव्हा बुवांनी धाकूचे नाव सांगितले, आणि बाबलच्या पोटात जे दुखायला लागले त्यावर बुवांच्या कपाटात औषध नव्हते.

तसा धाकू म्हणजे काय, चार गोष्टी विचाराव्यात तेव्हा एकीचे उत्तर देणारा. बुवा आपल्या पाठीमागे त्याला काहीतरी निराळे शिकवतात, अशी बाबलची खात्रीच झाली होती. नाहीतर परवा आमटीतली मोठी फोड त्याच्याच वाटीत का पडावी? अखेर त्याने विचारलेच, "बुवा, खरं सांगा. त्याला असं काय दिलंत, जे मला दिलं नाहीत?"

ओहोटी लागली तशी बुवा त्याला खडकांवर घेऊन गेले. तिथे एकाच दगडावर तपकिरी समुद्रशेवाळाचे दोन झुपके होते. एक वर उन्हात पसरलेला, दुसरा त्याच्याच पानांखाली दबलेला. बुवांनी दोन्ही काढून खाऱ्या पाण्याच्या दोन मडक्यांत ठेवले, तोंडांवर घोंगडी बांधली आणि मडकी माजघराच्या काळोखात सरकवली. अंधारातच रोज पाणी बदल आणि धाकू निघेल त्या सकाळी घोंगडी सोडून बघ, एवढेच सांगितले. म्हातारपणी बुद्धी चळते ती अशी, असे बाबलला वाटले.

त्या सकाळी घोंगडी सोडली, तर सावलीतल्या झुपक्याचा लगदा झाला होता. उन्हातला मात्र ताठ, आणि टोकाला नखाएवढे कोवळे पान.

"या मडक्यात तुम्ही काहीतरी टाकलंत," बाबल म्हणाला.

"काही टाकलं नाही. हे शेवाळ उन्हात साखर करतं आणि पानातच साठवून ठेवतं. ती साखर जिभेला गोड लागत नाही, म्हणून चाखून कळत नाही. ऊन गेलं की त्याच शिदोरीवर ते जगतं. खालच्याला ऊनच लागलं नाही, ते साठवणार काय?" बुवांनी लगद्याचे मडके बाजूला सारले. "बरं, तान्ह्या मुलाला ताप भरला तर आधी काय बघायचं म्हणून सांगितलं होतं मी?"

बाबलने आठवून पाहिले. ओसरी आठवली, कुटलेल्या सुंठीचा वास आठवला.

"तेव्हा तुम्ही धाकूच्या खांद्यावर हात ठेवला होता," तो म्हणाला. "डाव्या."

पुढचे काही त्याला आठवेना.

बुवा हळू आवाजात म्हणाले, "शेवाळाला जागा सोडून उन्हात जाता येत नाही रे. तुला त्याच्या सावलीत कोणी बांधून ठेवलं होतं?"

मग बाबलने विचारले, "पुन्हा सांगाल?"

"धाकूला विचार. त्याच्यापाशी आहे ते. होडी भरतीला सुटेल, अजून वेळ आहे."

बाबल उठला. धाकूचे गाठोडे त्याने आपल्या डोक्यावर घेतले आणि धक्क्याच्या वाटेवर पहिल्यांदाच त्याला विद्येतले काहीतरी विचारले. धाकू थांबत थांबत सांगू लागला. होडी सुटली तरी बाबल गुडघाभर पाण्यात उभा राहून ऐकत होता.