नख लावलेली आठळी

विश्राम तातोबा घाडी, वय वर्षे ब्याऐंशी. फार वर्षांपूर्वी आंबेरुळ गावात एवढे नाव घेतले की पुढचे सांगावे लागत नसे. त्यांच्या चुलीला विचारल्यावाचून त्या गावी सोयरीक जुळत नसे, असे म्हणतात.

रीत अशी होती. दिव्यांच्या अवसेला, दिवेलागणीस, मुलाच्या घरची एक आणि मुलीच्या घरची एक अशा फणसाच्या दोन आठळ्या विश्राम निखाऱ्यांवर शेजारी शेजारी ठेवीत. दोन्ही शांतपणे भाजल्या, तर संसार सुखाचा. एखादी फुटून चुलीबाहेर उडाली, तर ती ज्याची, ते माणूस घर मोडणार. खाण्याच्या आठळीला टोचा मारला की ती फुटत नाही, हे पोरासोरांनाही ठाऊक होते. परंतु कौलाच्या आठळीला लोखंड किंवा नख लावणे हे पाप मानले जाई.

शेवंती धुरी हिची आठळी लागोपाठ दोन वर्षे उडाली आणि दोन स्थळे परत गेली. तिसऱ्या वर्षी राघो परब तिच्यासाठी अडून बसला. जिची आठळी तीनदा उडाली, तिला मग जन्मात कोणी मागणी घालीत नसे.

अवस तोंडावर आली, तेव्हा शेवंतीने घाडींच्या ओसरीवर ओटीतल्या आठळ्या ओतल्या. त्यांच्यावर तांबड्या मातीचा जाड लेप होता.

"आज्यानू, ह्यो हातात घेवन बघा."

विश्रामांनी माती खरवडली. आतली बी कालच फणसातून काढल्यासारखी ओली आणि जड होती.

"आमची आये मातयेत घोळून ठेवता," शेवंती म्हणाली. "बाकीच्यांच्यो शिंक्यात सुकान तडकतत. तडकलेली बी फुटात कशी?"

विश्रामांना बायजा आठवली. साठ वर्षांपूर्वी, विश्राम आणि ती यांच्या सोयरिकीसाठी त्यांचे वडील कौल लावीत असताना, याच चुलीतून तिची आठळी उडाली होती. विश्रामांनी तिला नाकारले आणि पुढे लग्नच केले नाही. तिच्या घरच्या आठळ्यांनाही अशीच माती असे.

अवसेला सारा गाव जमला. भिवा गावकर म्हणाला, "वायच मागे सरा रे, शेवंतीची बी कोणाचो तरी डोळो फोडतली."

विश्रामांनी शेवंतीची आठळी उचलली आणि सर्वांदेखत तिच्यावर नख ओढले.

"नख माझां, पाप माझां," ते म्हणाले. "फुटता ती ओली बी, नशीब न्हय. बायजेक मी परत धाडलंय, ता चुकलां."

मग त्यांनी उघड्या हाताने दोन्ही आठळ्या निखाऱ्यांत ठेवल्या आणि त्या भाजून होईपर्यंत हात तिथेच राहू दिला. हाताला फोड आला नाही. निखाऱ्यांतून पिकल्या फणसाचा वास सुटून गावाच्या सातही वाड्यांत पसरला, असे म्हणतात. दोन्ही आठळ्या शेवटपर्यंत शेजारी राहिल्या.

आंबेरुळात आजही दिव्यांच्या अवसेला चूल पेटते. पहिल्या दोन आठळ्या विश्राम आणि बायजा यांच्या नावाने घालतात. दोन्हींना नख लावतात, भाजतात आणि जमलेले सर्व जण वाटून खातात. कौल मात्र त्यानंतर कोणी लावला नाही.