धोट्याच्या पोटातली कांडी

माग घरातल्या माणसांसारखे बोलायचे, त्या काळातली ही गोष्ट.

निंगाप्पा कोष्ट्याच्या मागावर एक धोटा होता. पोटात सुताची कांडी घेऊन तो ताण्याच्या उभ्या धाग्यांतून दिवसभर इकडून तिकडे पळायचा. विणून झालेलं हिरवं लुगडं पुढच्या दांड्याला गुंडाळलं जायचं.

धोट्याने टाकलेला प्रत्येक धागा ठोकून बसवायचं काम फणीचं. ती म्हणायची, "अरे, आज डाळिंबी पट्टा चाललाय. बघ तरी."

"एकेक धागा बघत बसायला मला वेळ नाही," धोटा म्हणायचा. "लुगडं पुरं होऊ दे, मग सगळं एकदम बघेन."

निंगाप्पाची बायको चंद्राक्का शेजारी बसून कांड्या भरायची आणि भरता भरता गुणगुणायची. तेही धोट्याने कधी कान देऊन ऐकलं नाही.

एका सकाळी चंद्राक्का गेली. निंगाप्पा आत आला. जेवढं विणून झालं होतं तेवढंच लुगडं त्याने कापलं आणि तिच्यावर पांघरायला बाहेर नेलं.

"अजून पुरं व्हायचंय ते," धोटा म्हणाला. पण निंगाप्पा पुन्हा मागावर बसलाच नाही.

धूळ साचत गेली. बऱ्याच दिवसांनी धोट्याने विचारलं, "फणे, कसं होतं गं ते लुगडं?"

"सगळं मीही नाही पाहिलं. पण शेवटी चंद्राक्काने एक पिवळी कांडी भरून दिली होती. कोवळ्या उन्हासारखी."

"मला कशी दिसली नाही?"

"तुझ्याच पोटात होती," फणी म्हणाली.