आधी कोणी सोडायचं?

महाराज उठत नव्हते, आणि महाराज उठल्याशिवाय निंबगडच्या वाड्यात चूल पेटत नव्हती!

कोठीघराच्या किल्ल्या सिंहासनाखालच्या फरशीत, एका खणात ठेवलेल्या असत. रोज सकाळी जगदेवराव महाराज उभे राहायचे, दोन हुजरे सिंहासन सरकवायचे आणि आचारी किल्ल्या काढून घ्यायचा. आज मात्र महाराज रुसले होते, आणि तेही एका यंत्रावर.

दरबारात नुकताच कॉम्प्युटर आला होता. चित्रं नाहीत, रंग नाहीत, नुसता काळा पडदा. त्यावर हुकूम टाइप करायचा, यंत्राने तो पाळायचा. महाराज हरखूनच गेले. 'एमडी' म्हटलं की नवं दालन तयार, ना वीट ना चुना! 'सीडी' म्हटलं की दालनात प्रवेश. 'डिर' म्हटलं की आत काय आहे ते समोर हजर. 'आरडी' म्हटलं की रिकामं दालन जमीनदोस्त. महाराज सिंहासनावर बसून दिवसभर यंत्रातली दालनं बांधत आणि पाडत राहिले. फिरणं बंद, पालखी बंद. शेवटी त्यांनी फर्मान काढलं, "बसून राहणाऱ्या राजाला भोई कशाला? उद्या दिवस मावळला की चौघांची चाकरी संपली."

तो उद्या म्हणजे आजचाच दिवस.

आज सकाळी महाराजांनी यंत्रात 'लाडूमहाल' बांधला, आत शिरले, कंटाळले आणि आतूनच 'आरडी' ठोकून दिलं. पडद्यावर अक्षरं उमटली, 'आपण ज्या दालनात आहात ते पाडता येत नाही. आधी बाहेर या.'

"मला बाहेर हो म्हणतं?" महाराज कडाडले. "आरडी! आरडी! आरडी!" हा आरडाओरडा पार तबेल्यापर्यंत गेला. यंत्र ढिम्म.

नेमका तेव्हाच आचारी आला. "महाराज, किल्ल्या हव्या होत्या. जरा उठता का?"

"यंत्र म्हणतं बाहेर या, आचारी म्हणतो उठा! आता जेवल्याशिवाय मी उठणार नाही. बाहेरचा घासही खाणार नाही. शब्द म्हणजे शब्द!"

हुजऱ्यांनी सिंहासन ढकलून पाहिलं. यंत्रापुढे बसून बसून महाराज चांगलेच भरले होते. सिंहासन तसूभरही हललं नाही. दुपार टळली. महाराजांच्या पोटात कावळे ओरडत होते, पण हट्ट काही सुटेना.

दिवाणजींनी चष्मा पुसला. "महाराज, कॉम्प्युटरच्या भाषेत याला डेडलॉक म्हणतात. दोघंही आपली आपली वस्तू धरून बसतात आणि दुसऱ्याच्या हातातली मागतात. आपण सिंहासन धरलंय, आचाऱ्याने जेवण. सोडत कुणीच नाही."

"यावर उपाय?"

"यंत्र बंद करून पुन्हा चालू करतात."

"म्हणजे मला बंद करणार?"

दिवाणजी चटकन आचाऱ्याच्या मागे सरकले.

इतक्यात दारातून आवाज आला, "महाराज, एक विचारू का?" भोयांचा म्होरक्या सखबा, त्याची मुलगी येसू दारात उभी होती. बापाची चाकरी वाचावी म्हणून विनवणी करायला ती आली होती. इथला प्रकार पाहून तिने विनवणी पोटातच ठेवली. "आपण उठणार नाही म्हणालात. उचलू देणार नाही, असं नाही ना म्हणालात?"

महाराजांनी आठवून पाहिलं. "नाही म्हणालो. पण मला उचलणार कोण?"

"आहेत की चौघं! दिवस मावळेपर्यंत आपल्याच चाकरीत आहेत."

भोई आले. सिंहासनाला दांड्या बांधल्या, सखबाने हाळी दिली, आणि महाराज सिंहासनासकट अलगद वर! आचाऱ्याने खाली बुडी मारली आणि किल्ल्या घेऊन धूम ठोकली. भोई महाराजांना वाड्याभर मिरवत बऱ्याच वेळाने ओसरीवर घेऊन गेले.

"महाराज, दालनातून बाहेर आलात?" येसूने विचारलं.

"आलो."

"उठलात?"

"मुळीच नाही!"

"दिवाणजी, यंत्रात दालनातून बाहेर यायचा हुकूम कोणता?"

"सीडी आणि पुढे दोन टिंबं."

"मग तीच यंत्रातली पालखी. द्या हुकूम, मग पाडा महाल."

दिवाणजींनी आत जाऊन सीडी आणि दोन टिंबं दाबली, मग 'आरडी लाडूमहाल' टाइप केलं. "पडला, महाराज, पडला!" ते आतून ओरडले.

"शाब्बास!" महाराजांची कळी खुलली. "आता ठेवा मला खाली."

येसूने डोंगराकडे पाहिलं. सूर्य टेकला होता. "जरा अडचण आहे, महाराज. दिवस मावळला की यांची चाकरी संपली. आणि चाकरीत नसलेल्याने सिंहासनाला हात लावायचा नाही, ही वाड्याची रीत. हळूहळू खाली ठेवायला वेळ कुठे उरलाय? आहे तिथेच सोडून द्यावं लागणार."

महाराजांनी खाली वाकून पाहिलं. खाली दगडी फरशी होती. "असंच? इथून?"

"हुकूम म्हणजे हुकूम."

"मी दिलेला हुकूम सोडत नसतो!"

"यांनी दांडी धरलीय, आपण हुकूम धरलाय," येसू शांतपणे म्हणाली. "बोला, महाराज, आधी कोणी सोडायचं?"

महाराजांनी फरशीकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं. तेवढ्यात गरम पिठलं-भाताचं ताट घेऊन आचारीही धावत आला.

"मी! मीच आधी!" महाराज ओरडले. "हुकूम सोडला! दांडी सोडू नका!"

आणि ते असे हसत सुटले की सिंहासन डुलायला लागलं. "महाराज, हसा, पण हळू," सखबा खालून कण्हला.

चारही भोयांची चाकरी जन्मभरासाठी कायम झाली. कोठीघराच्या किल्ल्या त्या दिवसापासून येसूच्या कमरेला आल्या, आणि फरशीतला खण कायमचा बुजवला गेला. महाराजांनी भोयांच्या खांद्यावरच ताट चाटूनपुसून साफ केलं, सिंहासन खाली ठेवायला लावलं, आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे, जेवून झाल्यावर उठले.