सायत्रानं डोंगा थांबवला

फार वर्षांपूर्वी, वैनगंगेवर पूल नव्हता, पलीकडे जायचं तर झाडाचं खोड कोरून केलेल्या डोंग्यातूनच जावं लागे, तेव्हाची ही हकीकत. आमच्या ढिवरटोलीतल्या जुन्या माणसांनी ती मला सांगितली, मी तुम्हाला सांगतो. सांगताना माझा आवाज चढेल. चढू द्या. ही गोष्ट हळू आवाजात सांगायची नसतेच.

कोसमघाट हे नाव एक, पण गावं दोन होती म्हणा. उंचावर मालगुजाराचं गाव, आणि खाली काठाला आमची मासे धरणाऱ्या ढिवरांची टोली. मालगुजार म्हणजे गावच्या जमिनीचा मालक, त्याचं नाव यादोराव. गोड पाण्याची विहीर एकच, तीही त्याच्या आवारात. आमची माणसं खांद्यावर कावड घेऊन त्या विहिरीचं पाणी त्याच्या घरात भरत, त्याच्या सुनांच्या आंघोळीला भरत, त्याच्या घोड्यालासुद्धा भरत. पण टोलीत न्यायला त्यातला एक घोट मिळत नसे. आवाराच्या दाराला कुलूप होतं.

टोली पाणी प्यायची ते डोहाचं. नदीची धार वाळूपलीकडे सरकली होती, आणि टोलीच्या दारातल्या जुन्या पात्रात हा संथ डोह उरला होता. त्यात यादोराव शिंगाडा लावायचा, आणि त्याच डोहात त्याची ढोरं दुपारभर बसायची. पाण्यात शेण, शेणावर शेवाळ, शेवाळावर नखाएवढ्या गोगलगाया, आणि त्यांच्यातूनच शिंगाड्याचे वेल पसरलेले. टोलीच्या बायका त्याच पाण्याचे माठ भरत. काठाची कोवळी भाजी पोरं तिथंच खुडून कच्ची खात, कारण भूक लागलेली असे.

कार्तिकात शिंगाडा निघाला की आमच्या बाया यादोरावाच्या आवारात सोलायला बसत. हातात विळी नाही, चाकू नाही. चाकूनं आतला गर चिरतो आणि बाजारात भाव पडतो, म्हणून त्यानं दातानंच सोलायचा नेम घातला होता. डोहातून काढलेला ओला, चिखलाचा शिंगाडा उचलायचा, दातानं टोक तोडायचं, साल ओढायची, गर टोपलीत टाकायचा आणि साल थुंकायची. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. यादोरावाच्या घरी मात्र शिंगाडा उकडल्याशिवाय पानात येत नव्हता. हे ध्यानात ठेवा.

शिंगाडा संपून होळी यायच्या सुमारास टोलीत दुखणं शिरायचं. आधी ताप यायचा. मग उजव्या बरगडीखाली असं दुखायचं, की माणूस कूस बदलू शकत नसे. काहींचे डोळे हळदीसारखे होत, काहींचं पोट फुगे आणि हातपाय काटक्या होत. दर वर्षी कुणी ना कुणी जाई. वरच्या गावात कुणी जात नसे. आणि वरचं गाव म्हणे, गंगामाय ढिवरांवर कोपली आहे, रोज तिच्या पोटातली मासळी काढता, मग दुसरं काय होणार. तिला शांत करायला टोलीनं दर वर्षी एक बकरी द्यावी, असं देवीच्या भगतानं ठरवलं. जे मरत होते त्यांनीच दंड भरायचा. तुम्हीच सांगा, याला काय म्हणायचं?

सायत्रा या टोलीतली. नवरा त्याच दुखण्यानं गेला, तेव्हापासून घाटावरचा डोंगा ती चालवी. असं म्हणतात, तिनं या काठावरून हाक दिली की पलीकडच्या रानातले मोर उडत. तिला एकच लेक होती, फुलकन. टोलीतच दिलेली, लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. आवारात सोलायला बसणाऱ्या बायांत तिचा हात सगळ्यात चपळ होता.

त्या वर्षी होळीआधी फुलकनचे डोळे पिवळे झाले.

टोलीनं बकरी दिली. डोहाच्या काठावर चरून वाढलेली होती ती. भगतानं तिला कापलं, आणि प्रसाद वाटायला बरगडीखालचं काळीज चिरलं तर आत चपटे किडे. लहान पानांसारखे, राखाडी, एकमेकांना चिकटलेले आणि जिवंत. बाया मागं सरल्या. भगत म्हणाला की हीच खूण, देवीनं बकरी नाकारली, आता दुसरी आणा.

सायत्रा पुढं झाली. तिनं ते काळीज हातात घेऊन सगळ्यांना दाखवलं.

"मानसाचं पाप असंन तर असंन," ती म्हणाली. "या बकरीनं कोनतं पाप केलं होतं?"

आणि ती बोलत गेली. पलीकडच्या डोंगरावर चरणाऱ्या बकऱ्या तिनं डोंग्यातून कितीदा आणल्या होत्या, जत्रेत कापताना पाहिल्या होत्या. त्यांची काळजं लाल, गुळगुळीत असत. मग ही बकरी आणि माझी लेक, दोघींनी सारखं काय खाल्लं? डोहाचं पाणी, डोहाचा पाला. गंगामाय वाहती आहे, ती तर दोन्ही गावांची. साचलेला आहे तो डोह, आणि डोहात ढोरं कुणाची आहेत?

तशीच ती यादोरावाच्या ओसरीवर गेली. तिनं चार गोष्टी मागितल्या. ढोरं डोहातून काढा, विहिरीचं दार टोलीला उघडा, बायांच्या हातात चाकू द्या, आणि तोंडाला लावायच्या आधी शिंगाडा उकडू द्या. यादोराव पान खात होता. त्यानं सांगितलं की ढोरं पाण्यात नाही बसणार तर काय माडीवर बसणार, आणि विहीर त्याच्या बापानं खणली आहे. चाकूचं नाव निघालं तेव्हा तो हसला.

"देवानं तुमाले दात कायले देले?" तो म्हणाला.

आमच्या टोलीत हे वाक्य अजून कुणी विसरलेलं नाही. पोरगं बोलायला लागलं की त्याला हे वाक्य सांगतात.

चैत लागला आणि फुलकन गेली. तिची तिरडी दोघांनीही सहज उचलली असती, इतकी ती हलकी झाली होती. फक्त पोट तेवढं मोठं होतं. सायत्रा रडली की नाही, कुणी सांगत नाही. बारा दिवस झाले. मग ती घाटावर आली, डोंगा ओढून कोसमाच्या झाडाला बांधला आणि म्हणाली की आता या घाटावरून यादोरावाचा दाणा पलीकडे जाणार नाही. टोलीतल्या एकाही माणसानं ती गाठ सोडली नाही. आणि त्या कार्तिकात टोलीतली एकही बाई त्याच्या आवारात सोलायला गेली नाही.

यादोरावानं आधी धमक्या दिल्या. मग लांबच्या घाटावरून मोठी नाव आणि भाड्याचे नावाडी आणवले, परगावच्या मजुरांकडून काढलेला शिंगाडा पोत्यांत भरला, आणि पलीकडचा बाजार चुकू नये म्हणून स्वतः नावेत बसला.

पुढचंही मी पाहिलेलं नाही, पण माझ्या आजाच्या आजानं पाहिलं होतं. असं म्हणतात, नाव मधोमध गेली आणि थांबली. वारा नव्हता, वाळू लागली नव्हती. दोन्ही बाजूंनी धार वाहत होती, पण नाव हलेना, जणू खालून कुणी तळाला हात लावून धरली होती. नावाड्यांचे बांबू मोडले. यादोराव ओरडत राहिला. दोन्ही काठांवर माणसं जमली, वरचं गावही आणि टोलीही.

तेव्हा सायत्रानं कोसमाच्या झाडाची गाठ सोडली. हातात बांबू घेतला नाही. असं म्हणतात, डोंगा आपोआप धारेत शिरला आणि सरळ नावेला जाऊन टेकला. तिच्या ओच्यात डोहातून नुकतेच काढलेले शिंगाडे होते, चिखलानं माखलेले. त्यातला एक तिनं यादोरावापुढं धरला.

"एक सोलून खा, मालक," ती म्हणाली. "दातानं. खाल्ला की नाव सुटंन."

मोठ्यानं बोलली नव्हती ती, तरी दोन्ही काठांवर ऐकू गेलं.

यादोरावानं हात पुढं केला. शिंगाडा घेतला. तोंडापर्यंत नेला. आणि थांबला. सालीवर एक गोगलगाय चालत होती. तो तिच्याकडे बघत राहिला, मग डोहात बसलेल्या आपल्या ढोरांकडे, आणि त्याचे ओठ मिटले ते उघडेनात. ज्यानं आमच्या आयाबहिणींकडून जन्मभर हेच करून घेतलं, त्याच्यानं एक शिंगाडा चावला गेला नाही.

म्हणजे त्याला माहीत होतं. किडा कुठून येतो हे माहीत नसेल, पण ते तोंडात घालायच्या लायकीचं नाही हे पक्कं माहीत होतं. काठावरच्या प्रत्येकाला ते दिसलं, त्याच्या स्वतःच्या गावालाही. कोप कुणाचा होता ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

त्यानं शिंगाडा खाली ठेवला आणि मान खाली घातली. तेव्हा नाव सुटली, पण पलीकडे गेली नाही. माघारी आली.

आवाराचं कुलूप निघालं. ढोरांना डोहापासून लांब दगडी कुंड्या बांधल्या. सायत्रानं डोहाभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं, आणि असं म्हणतात की त्या वाळक्या काट्यांना एका पावसात पालवी फुटली. शिंगाडा उकडायला घाटावर मोठा हंडा चढला, बायांच्या हातात चाकू आले. आधीच दुखण्यात असलेले सगळे काही वाचले नाहीत. सगळे वाचले असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. पण त्यानंतरच्या होळ्यांना टोलीतून प्रेतं कमी निघत गेली, आणि एक होळी अशी आली की एकही निघालं नाही.

पुढं वरच्या गावानं सायत्राला देवी करून टाकलं. तिच्या नावानं बकरी कापायलासुद्धा निघाले होते. टोलीनं त्यांना घाटावरूनच परत पाठवलं. ती देवी नव्हती. ती डोंगा चालवणारी बाई होती आणि तिची लेक मेली होती. सायत्रा म्हातारी होऊन खाटेवर गेली. पोट सपाट आणि डोळे पांढरे स्वच्छ होते. टोलीतल्या बाईला असं मरण आलं, याचंच मला थांबलेल्या नावेपेक्षा जास्त नवल वाटतं.

आजही कोसमघाटात उकडल्याशिवाय शिंगाडा कुणी ओठांना लावत नाही, आणि काठची भाजी कच्ची खात नाही. डोहात ढोर उतरलं तर मालक कोणीही असो, त्यानं अख्ख्या टोलीला लाकूडफाटा आणून द्यायचा. आणि एक रीत आहे. जीपमधून कुणी साहेब येतो, कुणी पुढारी येतो, खुर्चीवर बसून सांगतो की तुमच्या पाण्याला काही झालेलं नाही, तुम्हीच स्वच्छता पाळत नाही. आम्ही वाद घालत नाही. टोलीतली सगळ्यात म्हातारी बाई उठते, त्याच पाण्याचा तांब्या भरून त्याच्यापुढं ठेवते आणि म्हणते, "सायत्रामायच्या नावानं, आधी तुमी प्या."

मग आम्ही सगळे त्याच्या ओठांकडे बघतो.