सातचा भोंगा

एका गावात एक भोळा शिपाई होता. नाव गुणाजी. ग्रामपंचायतीत अकरा वर्षं राबत होता, पण अजून कायम झाला नव्हता. सांगितलेलं काम तो कधी टाळत नसे. गावाला धास्ती होती ती त्याचीच.

गावातली पोरं दिवसभर मोबाइलमध्ये तोंड घालून बसायची. जेवताना ताटात काय पडलंय तेही त्यांना ठाऊक नसायचं. म्हणून ग्रामसभेनं ठराव केला. रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजणार. साडेआठपर्यंत टीव्ही बंद, मोबाइल बंद. पोरांनी अभ्यास करायचा, घरच्यांनी त्यांच्याशी चार शब्द बोलायचे.

सरपंच सुलभाताईंनी गुणाजीला बोलावलं. "गुणाजीभाऊ, शुक्रवारी मोठे साहेब बघायला येणार आहेत. गाव पसंत पडलं तर तुम्हाला कायम करायचा शब्द दिलाय त्यांनी. भोंगा वाजवायचा, घरोघर फिरायचं अन् मोबाइल चालू दिसला की बंद करायचा. एवढं नीट करा."

"बरं ताई."

सोमवारी भोंगा वाजवून गुणाजी पारूआजीच्या घरात शिरला. आजीच्या हातात मोबाइल होता. दवाखान्यातून जावई बोलत होता, "आई, सुटका झाली. मुल—"

गुणाजीनं मोबाइल बंद केला. मुलगा की मुलगी, या काळजीत आजी दीड तास उंबऱ्यावर बसून राहिली. मुलगी होती. आजीनं गावभर पेढे वाटले, गुणाजीला सोडून.

"अहो, असं मधेच तोडतात होय?" सुलभाताई म्हणाल्या. "माणसाचं चाललंय ते पुरं होऊ द्यायचं, मग बंद करायचं."

"बरं ताई." आता ही चूक पुन्हा होणार नव्हती.

झालीही नाही. मंगळवारी सुताराचा सोन्या ओसरीवर गेम खेळत होता. गुणाजी शेजारी टेकला.

"पुरं झालं का रं?"

"एक लेव्हल राहिलीय, काका."

गुणाजी थांबला. "आता?"

"आणखी एकच."

सोन्याच्या आईनं दोघांना भाकरी वाढली. साडेआठ वाजले तेव्हा सोन्या एकेचाळिसाव्या लेव्हलवर होता, आणि गुणाजी त्याला 'डावीकडनं घाल' म्हणून सांगत होता.

"अहो, पोरांना काय विचारता?" सुलभाताई म्हणाल्या. "हातातलं काढून घ्यायचं, पंचायतीच्या कपाटात कुलूप लावून ठेवायचं, अन् हातात पुस्तक द्यायचं!"

"बरं ताई."

बुधवारी तो खुद्द सुलभाताईंच्या घरी गेला. आरोग्य केंद्राच्या आशाताई सुलभाताईंच्या सासूबाईंचा रक्तदाब मोजत होत्या. यंत्रावर आकडे पेटलेले होते. गुणाजीनं म्हातारीच्या दंडाचा पट्टा सोडला, यंत्र उचललं आणि तिच्या हातात तिसरीचं पुस्तक दिलं. पुढं रक्तदाब मोजायची गरज उरली नाही. किती चढलाय ते म्हातारीच्या आवाजावरून अख्ख्या गल्लीला कळत होतं.

"म्हाताऱ्या माणसाला कुणी हात लावतं का?" सुलभाताई ओरडल्या. "मोठं माणूस दिसलं की हात जोडायचे अन् पुढं व्हायचं!"

"बरं ताई."

गुरुवारी क्रिकेटचा सामना होता. चावडीवर अकरा बाप मोबाइल घेऊन बसले होते आणि प्रत्येकाच्या मांडीवर एकेक पोर होतं. गुणाजीनं अकरा वेळा हात जोडले आणि पुढं झाला. ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. गावातलं पोर न् पोर येऊन बापाच्या मांडीवर चढलं. ज्याचा बाप रानात होता त्यानं चुलता धरला.

सुलभाताईंनी कपाळाला हात लावला. "गुणाजीभाऊ, उद्या साहेब यायचेत. तुमच्या पोटाचा प्रश्न आहे हो! नियम म्हणजे नियम. लहान नाही, मोठा नाही, मी नाही, साहेब नाही. सात म्हणजे सात!"

आपल्यासाठी ताईंचा जीव एवढा तुटतो, हे बघून गुणाजीला भरून आलं. घरी जाताना तो वाटभर 'सात म्हणजे सात' घोकत गेला.

शुक्रवारी सहाला साहेब आले. गावभर फिरले, पोरं पुस्तकं घेऊन बसवलेली बघून खूश झाले आणि पंचायतीत येऊन टेकले. "भोंगा वाजवणारा तो कोण? त्याला आत्ताच कायम करतो." त्यांनी पिशवीतून टॅब काढला. "आता कागद नाही, सगळं यातच. आज शेवटची तारीख आहे आणि आठला यादी बंद होते. हं, नाव सांगा."

"गुणाजी."

"वडिलांचं?"

गुणाजीनं घड्याळाकडं बघितलं. सात वाजले होते. "आलोच, साहेब."

त्यानं भोंगा वाजवला. परत येऊन साहेबांच्या हातातला टॅब काढून घेतला, कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि साहेबांच्या हातात पुस्तक दिलं.

"अहो, तुमचंच काम चाललंय त्यात!" सुलभाताई किंचाळल्या. "चावी द्या! आठला यादी बंद होईल!"

गुणाजी हसला. "माझी परीक्षा घेताय व्हय, ताई?"

चावी बंडीच्या आतल्या खिशात घालून तो कपाटाला पाठ लावून बसला. साहेबांनी दरडावलं, सुलभाताईंनी हात जोडले, पण गुणाजी हलला नाही. आठ वाजले. यादी बंद झाली.

साडेआठला त्यानं कुलूप काढलं, टॅब सदऱ्याला पुसला आणि अदबीनं साहेबांपुढं धरला.

"बघा की साहेब, झालो का कायम?"