बासुंदीची कढई

१९८६ सालचा फाल्गुन. काटोलकडे मृग बहाराची संत्री उतरत होती आणि गोदाआत्याच्या भाचीच्या लग्नाची वरात मांडवाच्या दारात अडली होती.

नवरदेवाचे वडील नीळकंठराव नागपूरहून नवा मिक्सर घेऊन आले होते. त्यांना वऱ्हाडासाठी त्यात संत्री, दूध आणि बर्फ एकत्र घुसळून केलेलं पेय हवं होतं. आत्या वैद्याची लेक. तिने त्याच मिक्सरमध्ये संत्री-डाळिंब फिरवून, सुंठ-सैंधव घालून रस केला होता. दूध नाही, बर्फ नाही.

"पाव्हणे, आंबट फळ अन् दूध एकमेकांचे वैरी. पोट बिघडतं."

"पोटात गेल्यावर सगळं एकच होतं, बाई! दुधाचं आल्याशिवाय वरात आत येणार नाही. मी चुकलो, तर तुमचा हा काढा सगळ्यांसमोर मागून पिईन."

नवरीच्या बापाने हात जोडले. आत्याने पदर खोचला, रसाचं पातेलं उचललं आणि ती मांडवाशेजारी चुलाणावर आटत असलेल्या बासुंदीकडे निघाली.

"अहो, हे काय करता?" नीळकंठराव ओरडले.

"बासुंदीत ओतते. सगळं एकच होतं ना?"

"थांबा! अख्ख्या पंगतीची बासुंदी नासेल!"

आत्याने पातेलं कढईच्या काठावर टेकवलं.

"कढईची एवढी काळजी! अन् तुमच्या वऱ्हाडाची पोटं काय उकिरडा आहेत?"

आधी वऱ्हाडातल्या बायकाच हसल्या. मग वाजंत्री वाजली आणि वरात आत आली.

नीळकंठराव सगळ्यांसमोर आत्यापुढे उभे राहिले.

"आत्याबाई, एक पेला द्या."

पाटावर बसून त्यांनी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि पालथा घातला.